उजव्या पायातली चप्पल

गाडी चालवायला बसले की ब्रेकमामा उजव्या पायातली चप्पल काढून ठेवत. फक्त उजव्या. डावा पाय चपलेत आणि उजवा अनवाणी, अशा अर्ध्या अवतारात मी त्यांना जीप, टेम्पो आणि एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाची मिनीबस चालवताना पाहिलंय. काढलेली चप्पल शेजारच्या सीटच्या पुढ्यात जायची आणि तिथे बसणाऱ्याने ती लाथाडायची नाही, असा नियम होता. शेजारी बहुधा मीच असे. त्यामुळे आमच्या घराण्यात मामांची चप्पल सांभाळण्याचा मान माझ्याकडे आला. गाड्यांच्या बाबतीत मला मिळालेला तो एवढाच मान.

"एकच का काढता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"डाव्याला काय कळतंय?" मामा म्हणाले. "तो क्लचचा नोकर. दाब म्हनलं की दाबनार, सोड म्हनलं की सोडनार. उजव्याला इचार करायला लागतो. आन् इचार करनाऱ्याला उघडं ठेवावं."

मामांचं खरं नाव शांतवन. माझ्या आईचे धाकटे भाऊ. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर म्हणून ब्रेकच्या खात्यात लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. झिजलेले लायनर काढायचे, नवे बसवायचे, ड्रम घासून साफ करायचा, यात माणसाचं आयुष्य कसं जाऊ शकतं हे मला कधी कळलं नाही. पण मी स्वतः तीस वर्षं पाण्याच्या मीटरचे आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवतोय, तेव्हा मी न बोललेलंच बरं. चर्चमध्येही लोक त्यांना "ब्रेकमामा, सलाम" असंच म्हणत. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बाहेर पडताना मामा त्यांचा हात हातात घेऊन मनापासून सांगत, "उपदेश झकास हुता साहेब. पन थांबायचं कुठं ते उतार लागायच्या आधी ठरवायला पायजे."

मामांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं हे एक दिव्य होतं. पाहुणा गाडीतून उतरला की मामी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येत आणि मामा पाहुण्याला ओलांडून थेट गाडीकडे जात. वाकून पुढच्या चाकाजवळ तळहात धरत. चुलीवर तवा तापला की नाही हे बायका बघतात ना, तसा. मग सरळ होऊन निकाल देत. "वेशीपासून दाबतच आलाय." किंवा, "आज घाई न्हाई केली. घरात सगळं बरं दिसतंय." माझ्या बाबतीत निकाल ठरलेला असे. ते मामीला हाक मारत, "अगं, पीठ मळ. भाचेसाहेब आलेत, चाकावर चार भाकरी भाजून घिऊ."

कारण मी ब्रेकवर जगणारा माणूस. वयाच्या अडतिसाव्या वर्षी गाडी शिकलो, तीही मामांकडून, आणि एवढ्या उशिरा शिकणाऱ्याला जगातली प्रत्येक वस्तू आपल्या अंगावर येतेय असं वाटत असतं. मामांचं म्हणणं उलटं होतं. "ब्रेक दाबला म्हंजे चुकलो असं कबूल केलं," ते म्हणत. ज्याला पुढचं दिसतं त्याला दाबावा लागत नाही, तो वेळेवर पाय उचलतो. भिंगारचा रस्ता त्यांनी मला तसाच शिकवला. ओढ्याच्या पुलाशी थांबायचंय? मग पाय पिठाच्या गिरणीपाशी उचलायचा. शाळेच्या फाटकाशी थांबायचं तर चिंचेच्या झाडाशी. इतरांना रस्त्यावर दुकानं आणि घरं दिसत, मामांना पाय उचलायच्या जागा दिसत. मला मात्र गिरणी गेल्यावर गिरणी आठवायची, आणि मग मी पुलाशी करकचून दाबायचो.

त्याहून वाईट म्हणजे मी शेजारी बसलो तरी दाबायचो. पुढे म्हैस दिसली की माझा उजवा पाय आपोआप मॅटमध्ये रुतायचा. मामा समोर बघतच म्हणायचे, "तिकडं पेडल न्हाई. मॅट फाटंल, आन् माझी चप्पल बी."

साठी ओलांडल्यावर मामांना शुगर निघाली. त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. वर्कशॉपमध्ये निम्म्या लोकांना होती, ते म्हणत. मग एका उन्हाळ्यात ते दुपारी बाराला रस्त्यावर उभे राहून कुणाचं तरी चाक बघत होते. स्वतःची गाडी थांबवून तसेच उतरलेले, त्यामुळे चप्पल अर्थातच एकच. घरी आल्यावर फरशीवर ओलसर ठसे दिसले म्हणून मामींनी पाय उचलून पाहिला, तर तळव्याला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. मामांना पत्ताच नाही. डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांना काहीतरी टोचून पाहिलं. दोन्ही सुन्न होते, उजवा जास्त. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, मऊ रबराची पट्ट्याची चप्पल कायम पायात, आणि गाडीचं आता तुम्हीच ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

मामांनी ठरवलं. जुनी गाडी अंगणात उभी केली आणि वर ताडपत्री घातली. एकदाच चालवून पाहिली होती म्हणे. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना पाय मध्येच कुठेतरी राहिला. "अंधारात खुंटीला टोपी अडकवावी तसं चाचपडायला लागतं," एवढंच बोलले. त्यानंतरचे सहा महिने मला आठवतात ते एका गोष्टीसाठी. पाहुणे आले तरी मामा ओट्यावरून उठत नसत. मी मुद्दाम गाडी त्यांच्या समोर लावली, चाक जळकट वास मारत होतं, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. "ये," म्हणाले. "मामी आत हाय." भाकरीचा टोमणा नाही म्हटल्यावर मला भिंगारला जावंसंच वाटेना.

याच सुमारास मी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनावर घेतलं. म्हणजे बायकोने घेतलं. नगरच्या शोरूममध्ये मी मामांना बरोबर नेलं, कारण दुकानदाराला प्रश्न कोण विचारणार? मला फक्त रंग कळतो. तिथल्या पोराने मला चालवायला बसवलं आणि सांगितलं, "सर, हा मोड लावला की एकाच पेडलवर चालते. दाबली की पळते, पाय उचलला की आपोआप थांबते. ब्रेक आहेच, पण लागत नाही."

मी पाय उचलला आणि गाडी अशी मागून कुणी ओढल्यासारखी हळू झाली की मी घाबरून ब्रेकही दाबला. मागच्या सीटवरून पोराचं डोकं माझ्या सीटवर आपटलं. शेजारी मामा सरळ होऊन बसले होते.

"काय केलंस?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही. पाय उचलला."

"तेवढाच?"

"तेवढाच."

"उतर," मामा म्हणाले.

त्यांनी त्या मोकळ्या रस्त्यावर सहा फेऱ्या मारल्या. चप्पल घालून, पट्टा आवळून. दर वेळी लांबून एखादा खांब धरायचे, पाय उचलायचे आणि गाडी खांबाशी येऊन शहाण्यासारखी उभी राहायची. सहाव्या फेरीला त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा सहा महिन्यांपूर्वीचा होता.

"भाचेसाहेब," ते म्हणाले, "हिला पैल्यापास्नं माझं म्हननं पटल्यालं हाय."

गाडी मी घेतली नाही. ती मामांनी घेतली.

मामींना त्यांनी ती समजावली ती सायकलवरून. "तुझ्या बाच्या सायकलीला डायनामो हुता का न्हाई? टायरला टेकवला की दिवा लागायचा, आन् सायकल जड जायची. व्हय का न्हाई? हे तसंच. पाय उचलला की चाकंच मोटारीला फिरवत्यात, करंट तयार हुतो आन् ब्याटरीत जातो. त्या जडपनानंच गाडी थांबती."

"म्हंजे उतारावर फुकट मिळतं?" मामींनी विचारलं.

"फुकट न्हाई गं. चढताना आपनच दिल्यालं, त्यातलं थोडं परत मिळतं."

सर्व्हिसिंगला गेल्यावर मेकॅनिकने चाक काढलं तेव्हा मामांनी ब्रेकचं पॅड मागून घेतलं आणि अंगठा फिरवून पाहिला. जवळजवळ कोरं. "माझ्या खात्याला कुलूप लावनार ही," असं म्हणाले. वाईट वाटून नाही. लेकीने आपल्यापेक्षा जास्त शिकावं तसं म्हणाले.

मामांचा एक नियम मात्र मला कंजूषपणाचा वाटे. ते बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर कधी भरत नसत. "अहो, मिळतेय तर भरा की शंभर," असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला समजावलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. "डबा गच्च भरला तर उतारावर कमावल्यालं ठिवनार कुठं? जागाच न्हाई म्हनल्यावर ती कमवनार न्हाई. आन् कमवनार न्हाई तर थांबनार बी न्हाई." मी मान हलवली. माझं मान हलवणं आणि समजणं यांचा फारसा संबंध नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मामींची अट वेगळी होती. "पायाला हाय तेवढं बी कळंना झालं की त्याच दिवशी चावी द्यायची," असं त्यांनी गाडी दारात आली त्या दिवशीच सांगितलं, आणि मामांनी "दिली" म्हणून शब्द दिला. रोज सकाळी चहाच्या आधी परीक्षा असे. मामा खाटेवर डोळे मिटून बसत. मामी पायाशी बसून खराट्याची एक काडी घेत. कधी उजव्या तळव्याला टेकवत, कधी नुसतीच जवळ धरत, आणि विचारत, "लागतंय का?" मामा "व्हय" किंवा "न्हाई" म्हणत. दहा वेळा. मी दोनदा ती परीक्षा समोर बसून पाहिली. खोलीत मामींच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण तेवढी ऐकू येई. दोन्ही वेळा मामांचे दहापैकी दहा बरोबर आले. "पास," असं म्हणून मामी काडी खराट्यात खोचत आणि चहा टाकायला उठत.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. ती मामांची चैनीची वर्षं. दर दोन महिन्यांनी आम्ही दोघं तिसगावला थोरल्या मावशीकडे जायचो. वाटेत करंजीचा घाट उतरावा लागतो आणि घाटाच्या माथ्याजवळ दगडूअण्णांची वस्ती आहे. अण्णा मामांबरोबर वर्कशॉपमध्ये टायरच्या खात्यात होते. त्यांच्याकडे जेवल्याशिवाय घाट उतरायचा नाही, हा दोघांचा जुना करार. अण्णांच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने गेलंय असं मी पाहिलेलं नाही. आपण डबा दिला तर तो परत येताना त्यात शेंगा असत. शेंगा नेल्या तर पिशवीत बाजरी येई.

त्या दिवशी आम्ही अकराला पोचलो. हुलग्याचे शेंगोळे झाले, भाकरी झाली, मामांनी गोडाला हात जोडले, आणि मग दोघं म्हातारे लिंबाखाली बसून कुठल्याशा मेजरसाहेबांची नक्कल करू लागले. अण्णांची सून शोभा माझ्याकडे आली.

"भाऊजी, हिची वायर कुठं असती?"

"डिकीत. का?"

"आज दिवसाची पाळी हाय लायटीची. आमच्या गिरनीच्या बोर्डाला लावते. पावन्यांनी जेवायचं आन् त्यांच्या गाडीनं उपाशी ऱ्हायचं, बरं दिसतं का?"

मला ऐंशीचा नियम आठवला. खरंच आठवला. पण शोभाचा उत्साह बघून वाटलं, फुकटची लाईट आहे, मामा उगीच नाही म्हणतील, पोरीचं मन मोडेल. मी स्वतः डिकी उघडून वायर काढून दिली आणि लिंबाखाली जाऊन आडवा झालो.

तीनला निघालो तेव्हा डिकीत कांद्याची गोणी, बाजरीची पिशवी आणि एक भोपळा होता. अण्णा खिडकीत वाकून बोलत होते, शोभा वायर गुंडाळून आत ठेवत होती, मामा हात हलवत होते. समोरच्या पडद्यावर शंभर आकडा होता. तो मला दिसला. मी मनात म्हटलं, वा.

वस्तीपासून घाट अर्धा किलोमीटरही नाही. पहिल्या वळणाच्या आधी एक पांढरा रंगवलेला दगड आहे. मामांची पाय उचलायची जागा तीच. दगड आला आणि गेला. गाडी हळू झाली नाही. तेलावर ठेवल्यासारखी तशीच पुढे गेली, उलट उताराने जरा वेगच घेतला. समोर वळणावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर वर येत होता, रस्त्याच्या मधोमध.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"इज्या, बघ रे. पाय वर हाय का माझा?"

मी खाली पाहिलं. पाय वर होता. हवेत, पेडलपासून चांगला चार बोटं वर.

"वर आहे मामा!"

मग त्यांना कळलं की चूक पायाची नाही, आणि आता दुसरं पेडल शोधायचंय. उजवा पाय डावीकडे निघाला आणि ती जाड रबराची चप्पल ॲक्सिलरेटरच्या कडेला अडकली. मामा खाली बघेनात, रस्त्यावरून नजर काढेनात. पाय मध्येच चाचपडत राहिला. मी माझ्या बाजूचं मॅट दोन्ही पायांनी दाबत होतो. आणि मग मामांनी कधी न केलेली गोष्ट केली. डावा पाय उचलून ब्रेकवर आदळला. क्लचचा नोकर. दाब म्हटलं की दाबणारा.

गाडी करकचून थांबली. मागे कांद्याची गोणी फुटली, भोपळा मागच्या सीटवर येऊन आदळला. ट्रॉलीचा ऊस माझ्या खिडकीपासून दोन हातांवर होता.

"ओ बाबा!" ट्रॅक्टरवाला वरून ओरडला. "झोपला का काय?"

मामांनी त्याला हात जोडले. ट्रॅक्टर धडधडत निघून गेला. मामांनी गाडी डोंगराच्या कडेला घेतली, उभी केली आणि मग पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं.

"शंभर," ते म्हणाले. "कुनी भरली?"

मी तोंड उघडलं ते शोभाचं नाव घ्यायला. बाहेर आलं ते, "वायर मी दिली, मामा."

ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "भरली त भरली. पन अन्नाच्या फाटकापास्नं हितवर ती मोकळी पळत हुती. पाय सैल केला तरी वडत न्हाई, हे पैल्या पन्नास फुटात कळायला पायजे. मला कळलं न्हाई. तुला इचारायला लागलं, माझा पाय कुठं हाय म्हनून."

मग त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मामा, अहो, एकदा चुकून—"

"शब्द दिलाय मी तुझ्या मामीला. घे. हिकडं बस."

आम्ही जागा बदलल्या. शेजारच्या सीटवर बसलेले मामा मी त्याआधी फक्त गाडी शिकताना आणि शोरूमच्या त्या फेरीत पाहिले होते. बाकीचा घाट मी उतरलो. बॅटरीत जागा नव्हती, म्हणून ब्रेकवरच उतरायचं होतं. जगात मला येणारी एकुलती एक गोष्ट. पण मामा शेजारून हळू आवाजात सांगत होते. "आता दाब. सोड. थंड हू दी जरा. पुढचं वळान लांब हाय, आताच दाब." मी त्यांच्या बोलण्यावर पाय हलवत होतो. माझा पाय आणि त्यांचं डोकं, असा आम्हा दोघांचा मिळून एक ड्रायव्हर झाला होता.

घाट संपल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, पुढच्या चाकाशी वाकले आणि तळहात जवळ धरला. तळहाताला अजून सगळं कळत होतं.

"गरम हाय," म्हणाले. "पन भाकरी भाजायएवढं न्हाई. शिकलास."

गाडीत बसताना त्यांनी एवढंच सांगितलं, "अन्नाला ह्यातलं काय कळता कामा नये. पोरीला तर न्हाईच. त्यांनी मायेनं भरली."

तिसगावहून परतल्यावर मामांनी मामींना घाटातलं सगळं सांगितलं, आणि त्या रात्री मी भिंगारलाच राहिलो. सकाळी मामा खाटेवर बसले. मामींनी काडी घेतली.

"थांब," मामा म्हणाले. "बांगड्या वर सार."

मामींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी बांगड्या कोपराकडे सारल्या, घट्ट बसेपर्यंत, आणि काडी टेकवली. खोलीत काहीच वाजलं नाही.

"लागतंय का?"

मामा डोळे मिटून बसून राहिले. मामींनी पुन्हा टेकवली. पुन्हा. मग जोरात दाबली, मला समोरून दिसत होता तळव्याला पडलेला खड्डा.

"टेकवली का तू?" मामांनी विचारलं.

मामींनी काडी खाली ठेवली. "मला म्हाईत हुतं वाजत्यात ते," त्या म्हणाल्या. "तुमी ओट्यावर बसून ऱ्हायचा ना ते सा म्हयनं, ते मला बघवत नव्हतं. मीच वाजवायचे. काल तुमाला दोघांना काय झालं असतं तर..."

मामांनी डोळे उघडले. "तू वाजवायचीस, मी ऐकायचो," ते म्हणाले. "दोघं बी नापास. जा, चहा टाक."

त्यांनी त्यानंतर स्टीअरिंगला हात लावला नाही. पण ते पुन्हा ओट्यावर बसून राहतील, ही मला वाटलेली भीती खोटी ठरली. त्यांना आता एक विद्यार्थी मिळाला होता आणि तो ढ होता, त्यामुळे काम पुष्कळ होतं. दर रविवारी चर्च सुटलं की ते शेजारी बसायचे आणि मला पाय उचलायला शिकवायचे. गिरणी, चिंच, पुढे वेशीच्या अलीकडचा पाण्याचा नळ. मी ब्रेकला पाय लावला की ते जिभेने च्यक् करत. महिन्या-दोन महिन्यांत ते च्यक् कमी झालं.

तिसगावला जायची वेळ आली तेव्हा मी आदल्या दिवशी फुशारकीने सांगितलं, "मामा, ऐंशीवर बंद केलीय बरं का."

"ऐंशी कशाला?" मामा म्हणाले. "पन्नासवर बंद कर."

"पन्नास? अहो, मग अण्णांकडे पोचेपर्यंत पस्तीसवर येईल."

"यिऊ दे की. शोभा चार तास लावनार वायर. लावू दी. पस्तीसची ऐंशी हुईल, वर जागा ऱ्हाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांचं भरनं बंद करायचं न्हाई. आपन रिकामं जायचं."

त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा तसंच रिकामं गेलो. शोभा दर वेळी आकडा बघून हळहळायची. "भाऊजी, पार सुकवून आनता हो गाडीला!" मामा लिंबाखालून गंभीरपणे म्हणायचे, "नगरला लाईटच न्हाई बघ." अण्णा त्यावर शहरवाल्यांची कीव करत.

मामा गेल्या वर्षी गेले. मूत्रपिंडांनी दगा दिला, फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो, तर उठता येत नसतानाही त्यांनी हात पुढे करून माझा तळहात धरला आणि विचारलं, "चाक कसं हाय?" मी म्हटलं, "गार आहे, मामा." मी जिन्यावरून धावत आलो होतो, चाकाला हात कुठला लावलेला. पण बाहेर आल्यावर लावून पाहिला. खरंच गार होतं.

गाडी मामींनी माझ्याकडेच ठेवली. परवा त्यांना घेऊन तिसगावला गेलो. आदल्या दिवशी पन्नासवर बंद केली. अण्णा आता काठी घेऊन फाटकापर्यंतच येतात. शोभाने आकडा पाहिला, हळहळली, आणि मी न सांगता डिकीतून वायर काढून नेली. निघताना गाडीत शेवग्याच्या शेंगा आणि बाजरी होती, आणि पडद्यावर एकोणऐंशी.

फाटकाबाहेर मी गाडी थांबवली.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं, आणि उजव्या पायातली चप्पल काढली. ठेवायला जागा शोधत होतो, तोच मामींनी पाय जरा बाजूला घेतले आणि आपल्या पुढ्यात जागा करून दिली.

पांढऱ्या दगडाशी मी पाय उचलला. तळव्याखाली गाडी हळूहळू ओढ घेऊ लागली, वळणाआधी शहाण्यासारखी सावकाश झाली. घाटाच्या पायथ्याशी आकडा ऐंशी झाला होता. मामी तो बघत होत्या.

"मिळालं का थोडं परत?" त्यांनी विचारलं.